प्रकृती ठीक असल्याचा दाखला

६ जानेवारी

जहाज सुटलं. एकशे बारा दिवस, चौतीस बंदरं, शेवटी परत याच धक्क्याला. आमची केबिन साडेपाच मीटर लांब, पावणेतीन रुंद. पावलांनी मोजली, टेप सामानाच्या तळाशी आहे. खिडकी नाही. खिडकीच्या जागी पडदा आहे आणि पडद्यामागे भिंत.

ही तिकिटं सासऱ्यांनी निवृत्तीनंतर स्वतःसाठी आणि सासूबाईंसाठी काढली होती. निघायच्या आधी पंधरा दिवस सासूबाई म्हणाल्या, "एकशे बारा दिवस ह्यांच्याबरोबर एका खोलीत? मला काय जन्मठेप झालीय?" त्यावर कुणाचं काही चाललं नाही. तिकिटं आमच्या नावावर आली. माझ्या नवऱ्याची नोकरी नोव्हेंबरात गेली आहे. घरी त्याने रजा मिळाली म्हणून सांगितलंय. मला प्रयोगशाळेने चार महिने बिनपगारी सोडलं आहे. कारखान्यांतले दाबमापक, तापमापक, वजनकाटे खरं दाखवतात की नाही ते तपासून दाखला द्यायचा, हे माझं काम. आमच्या साहेबांनी बजावलंय, "दोन मेला खुर्चीत दिसली नाहीस, तर खुर्ची दुसऱ्या कुणाची."

चार महिने एकत्र राहिलो की निवांत बोलू, असं आमचं ठरलंय. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

८ जानेवारी

जेवणाचं टेबल शेवटपर्यंत एकच. आमच्या टेबलावर सहाजण. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. त्यांचे यजमान, म्हणजे काका, जमीन मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. ते घरून नकाशा घेऊन आलेत आणि जहाजाचा मार्ग त्यावर रोज पेन्सिलीने आखतात. कप्तान अंतर सांगताना रोज तीन मैल खातो, असं त्यांचं म्हणणं आहे. उरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी. दोघींचे नवरे गेले. "आता कुठे फिरायला मोकळ्या झालो," असं थोरली मोठ्याने म्हणते आणि धाकटी तिला चिमटा काढते.

मी सॅलड आणायला उठले, तेव्हा थोरली त्याला विचारत होती, तुमच्या वयात एवढी मोठी रजा मिळाली कशी. परत आले तर सगळे गप्प. धाकटीने स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढून माझ्या पाठीशी ठेवली.

१५ जानेवारी

जहाजावरची माणसं फार चांगली आहेत. लिफ्टमध्ये मला आधी जाऊ देतात. वाचनालयात दोन पुस्तकांची मर्यादा आहे, मला पाच दिली. डेकवर माझ्यासाठी सावलीतली खुर्ची राखून ठेवतात. प्रवाशांचं सरासरी वय माझ्या अंदाजाने सदुसष्ट. आम्ही दोघं तिशीच्या आतबाहेर. वयस्कर लोकांना तरुण जोडप्यांचं कौतुक वाटत असावं.

तोही बदललाय. वारा सुटला की शाल घेऊन धावतो. तीन वर्षांच्या संसारात त्याने मला "जेवलीस का" असं विचारल्याचं आठवत नाही. इथे दिवसातून तीनदा विचारतो, तेही चारचौघांत. केबिनमध्ये विचारत नाही, पण केबिनमध्ये जेवण नसतंच.

शाल अंगावर टाकलेली मला आवडते, हेही लिहून ठेवते.

२४ जानेवारी

लाइफ जॅकेट घालून डेकवर उभं राहायची कवायत. अधिकारी यादी वाचत होता. माझं नाव आल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसून घ्या." ज्यांना उभं राहणं झेपत नाही, त्यांच्या यादीत माझं नाव होतं. माझ्या खालच्या नावाचे गृहस्थ एक्क्याण्णव वर्षांचे.

नाव कुणी दिलं, विचारलं. "तुमच्या मिस्टरांनी."

त्याला विचारलं. तो म्हणाला, "गोंधळ झाला असेल. एवढ्या माणसांच्या याद्या करतात."

यादीत चूक होऊ शकते. मी सोडून दिलं.

२ फेब्रुवारी

दुपारी थोरली माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "केस किती छान टिकलेत गं तुझे. माझ्या जावेचे पहिल्या महिन्यातच गेले होते." धाकटीने टेबलाखालून तिला लाथ मारली. ती माझ्या नडगीला लागली.

उशी, लिफ्ट, पुस्तकं, यादी. मला पंचवीस दिवस लागले. एखादा मापक इतके दिवस चुकीचं दाखवत राहिला असता आणि माझ्या लक्षात आलं नसतं, तर मला कामावरून काढलं असतं.

मी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"त्यांना काय सांगितलंस?"

"कधी?"

"आठ तारखेला. मी सॅलड आणायला गेले तेव्हा."

तो पलंगाच्या कडेला बसला. "अगं, त्या म्हातारीने विचारलं रजा कशी मिळाली. मी तोंड उघडलं आणि निघून गेलं. हिच्या तब्येतीमुळे, एवढंच म्हणालो. बाकीचं त्यांनीच भरलं."

"बाकीचं म्हणजे?"

"म्हणजे कोणता आजार वगैरे. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"माझे दिवस किती उरलेत?"

"ते कुणी विचारलं नाही." मग म्हणाला, "धाकटीने विचारलं होतं. मी नुसतं खिडकीबाहेर बघितलं."

"नोकरी गेली, असं सांगता येत होतं."

"सगळ्यांसमोर?"

"बरं. मग आजारी तू का नाही पडलास?"

त्याने खरंच विचार केला. "माझ्या डोक्यातच आलं नाही," म्हणाला. हे खरं असावं.

आता सांगितलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणतो. अजून चौऱ्याऐंशी दिवस आहेत, जायचं कुठे, चोहीकडे पाणी. त्याने माझे हात धरले, सोडले आणि जेवायला उशीर होतोय म्हणाला.

५ फेब्रुवारी

मी स्वतःच सांगायचं ठरवलं. नाश्त्याला दोघी बहिणी भेटल्या. मी म्हटलं, "मला काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अस्संच म्हणायचं, बाळा."

"नाही, खरंच. ह्याने चुकीचं सांगितलं."

"किती धीराची आहे बघ," ती धाकटीला म्हणाली. धाकटीने माझ्या गालावरून हात फिरवला.

पोहण्याच्या तलावापाशी आणखी दोघांना सांगून बघितलं. निकाल तोच. आजारी माणसाने मी बरा आहे म्हटलं, तर तो आजारी आणि शूर ठरतो. या विधानाला उलट बाजूच नाही.

९ फेब्रुवारी

जहाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब, नाडी, रक्त, वजन, सगळं तपासलं. सगळं नेमकं जिथे असायला हवं तिथे.

"मला लेखी द्या," मी म्हटलं.

"काय देऊ?"

"मी आजारी नाही असं."

त्या हसल्या. "असा दाखला नसतो हो. आज अकरा वाजता तुमचा रक्तदाब ठीक होता, एवढं लिहून देते."

हे मला कळायला हवं होतं. मीही दाखल्यावर तेवढंच लिहिते: अमुक तारखेला, अमुक तापमानाला, या यंत्राने खरं दाखवलं. आधी आणि नंतर काय, ते मी सांगत नाही. दाखला घेऊन बाहेर पडले. दवाखान्याबाहेर तिघंजण बसले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या जहाजावर झालं की मला आज त्रास झाला. जेवताना काकांनी स्वतःची खीर माझ्याकडे सरकवली.

१७ फेब्रुवारी

सकाळी मागच्या डेकवर बाई आणि मी दोघीच होतो. त्या बराच वेळ समुद्राकडे बघत होत्या. मग शाळेतल्या सूचना वाचाव्यात तसं म्हणाल्या, "मलाही आहे. पोटात. ह्यांना माहीत नाही."

त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. काकांनी चार वर्षं भिंतीला नकाशा लावून ठेवला होता, म्हणून त्या आल्या. शेवटच्या धक्क्यापर्यंत पोचायचं आणि मग सांगायचं, असा बेत आहे.

"तुझ्याशी बोलायला बरं वाटतं. धडधाकट माणसं ऐकता ऐकता मध्येच आपल्याला धीर द्यायला लागतात. मग त्यांचं मन राखायला आपल्यालाच धीर धरल्यासारखं दाखवावं लागतं. दुप्पट काम."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. पण बाईंनी माझा हात धरला होता. कुणी बघत नसताना माझा हात धरणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

सांगितलं नाही. माझ्या बाजूने ही पहिली चूक. इथपर्यंतच्या त्याच्या होत्या.

२० फेब्रुवारी

बाई मला शिकवतात. घास पानात इकडून तिकडे कसा न्यायचा, म्हणजे जेवल्यासारखं दिसतं. रुमालाखाली पोळीचा तुकडा कसा जातो. उठताना टेबलाला हात लावायचा नाही, बोलता बोलता दुसऱ्याच्या खांद्याला लावायचा. "ह्यांना जमिनीतला अर्ध्या अंशाचा उतार दिसतो. माझं पान दिसत नाही."

आज त्यांनी औषधाच्या बारा पट्ट्या माझ्याकडे ठेवायला दिल्या. काकांना खण लावायची सवय आहे, रोज सगळं उपसून ओळीने ठेवतात. "आतापर्यंत पर्स सांभाळत बसले. तुझ्या खोलीत सापडल्या तर कुणी काही विचारणार नाही." हे बरोबर आहे. मी शब्द दिला की कुणालाही सांगणार नाही.

१ मार्च

बारा पट्ट्या, प्रत्येकी दहा गोळ्या. पहिला आठवडा रोज दोन गेल्या. गेले तीन दिवस रोज चार. चौऱ्याण्णव उरल्या. याच वेगाने पंचवीस मार्चला दुपारी संपतील. प्रवास सत्तावीस एप्रिलपर्यंत आहे.

बाईंना हिशेब दाखवला. "गणितात पैकीच्या पैकी," म्हणाल्या. "पण हा पेपर मी कोरा देणार आहे."

४ मार्च

चालून आले तर माझा खण उघडा आणि तो जमिनीवर बसलेला. हातात पट्टी. त्याला नेलकटर हवं होतं.

"हे मी वाचनालयात जाऊन बघितलं," तो म्हणाला. "कशासाठी देतात ते."

"माझी नाहीत."

"मग कुणाची?"

"सांगता येत नाही."

"तू दवाखान्यात गेली होतीस. तेव्हा मला वाटलं, मला खोटं पाडायला गेलीस." त्याचा आवाज फाटला. "मी बोललो म्हणून झालं का गं हे?"

तो रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मी शेजारी बसून पुन्हा सांगितलं, मला काही झालेलं नाही, औषधं दुसऱ्या कुणाची तरी आहेत, मी शब्द दिलाय. तो मान हलवत राहिला. थोरली हलवते तशी.

९ मार्च

पाच दिवसांची नोंद. नाश्त्याला तो येत नाही. जेवायला उशिरा येतो, लवकर उठतो. वरच्या डेकवर पत्त्यांचा एक अड्डा आहे, तिथे दिवसभर असतो. पाचही दिवस वारा होता, शाल आली नाही. जेवलीस का, विचारलं नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपतो. काल माझा हात चुकून लागला तर त्याने पाय आखडून घेतले.

त्याला धक्का बसलाय. वेळ द्यायला हवा.

धाकटी सांगत होती की त्याने चौकशीच्या खिडकीवर वेगळी केबिन आहे का म्हणून विचारलं. "तुला शांत झोप मिळावी म्हणून गं. किती जपतो!"

११ मार्च

असं चालणार नाही. मी बाईंना मागच्या डेकवर गाठलं आणि क्रमाने सगळं सांगितलं. आठ जानेवारी, सॅलड, माझी तब्येत, सापडलेल्या पट्ट्या.

बाई म्हणाल्या, "म्हणजे मी एकटीच."

मी हो म्हटलं.

"आणि मी तुला पोळी लपवायला शिकवत होते."

"मी सगळं खात होते."

"ते दिसत होतं. मला वाटलं, औषधाने तुला भूक लागते." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पोट धरलं. मग हसू गेलं. "सतराला का नाही बोललीस? मी काय काय बोलले तुझ्याशी! एका ठणठणीत पोरीशी!"

"तुम्ही माझा हात धरला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं, आणि मग जरा वेगळं. "घरी कुणी धरत नाही का?"

मी म्हटलं, "तुम्ही काकांना सांगा. मग मी ह्याला सांगेन."

"मला अटी घालतेस?"

"पंचवीस तारखेला गोळ्या संपतील. त्यानंतर काकांना तुमच्या ओरडण्यावरून कळेल."

मला हे इतकं सरळ बोलायचं नव्हतं. त्या उठल्या. खुर्चीला धरून उठल्या, माझ्या खांद्याला हात लावला नाही.

१३ मार्च

काका नाश्त्याला एकटेच आले. दाढी केलेली नव्हती. समोर बसून म्हणाले, "माझा गुडघा फार दुखतोय. आम्ही सोळाला उतरून विमानाने घरी जातोय. सगळ्यांना हेच सांगायचं आहे, तुझ्या मिस्टरांनाही."

"बरं."

"कुणी हळहळलेलं तिला नको आहे. तुझं या लोकांनी काय केलं ते तिने बघितलंय." मग म्हणाले, "तुला किती दिवसांपासून माहीत होतं?"

"चोवीस."

"मी तिच्या शेजारी दीड फुटावर बसतो," काका म्हणाले. "रोज. तीन वेळा." त्यांनी चमचा ताटलीच्या कडेला समांतर ठेवला, मग जरा सरकवून पुन्हा ठेवला.

दोन विमानं, मध्ये सहा तासांचा थांबा, सामान आणि बाई. त्यांच्याच्याने एकट्याने होणार नाही. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते.

"आणि तुझे मिस्टर?"

"विचारते."

ते उठून गेले. गुडघ्यात काही नव्हतं, जिने भराभर चढले. थोरलीने नेमकं बघितलं. "काय कमाल आहे," ती म्हणाली, "माझा गुडघा दुखला तर मी पलंगसुद्धा उतरत नाही."

१५ मार्च

त्याला पत्त्यांच्या टेबलावरून बोलावून आणलं. डेकवर कठड्याशी उभे राहिलो. दुपारचे तीन.

"मी उद्या उतरतेय. काकांच्या आणि बाईंच्या बरोबर घरी जातेय. तू येतोस?"

तो बंदराच्या दिशेला बघत होता. बंदर अजून दिसत नव्हतं. "त्रास वाढलाय का?"

"मला त्रास नाही. तिसऱ्यांदा सांगते, मी आजारी नाही. औषधं माझी नव्हती. आज ती परत दिली. कुणाची ते घरी गेल्यावर सांगेन."

"असंच म्हणशील तू."

"ठीक आहे. येतोस का?"

"मला दवाखान्याचा वाससुद्धा सहन होत नाही, तुला माहीत आहे."

"मी दवाखान्यात जात नाहीये."

"आज नाही. पण पुढे." त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "आणि अजून त्रेचाळीस दिवस आहेत. बाबांनी एवढी हौसेने दिलेली तिकिटं. अर्धवट टाकून आलो तर काय म्हणतील? तू पुढे हो. तुझ्या आईकडे राहा, तुला बरं वाटेल. मी सामान घेऊन येतो शेवटी."

मी म्हटलं, सामान मी नेतेय.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. वरून कुणीतरी त्याला हाक मारली, डाव त्याचा होता.

१६ मार्च

विमानतळ, थांब्याचा दुसरा तास. बाई माझ्या मांडीवर पाय टाकून बाकावर आडव्या झाल्यात. काका त्यांच्या उशाशी बसून विमानाचं वेळापत्रक तिसऱ्यांदा वाचतायत. सकाळपासून बाई माझ्याशी दोनच वाक्यं बोलल्या. एक, "पाय दुखतात." दुसरं, "इथे ठेवू का?"

सकाळी उतरताना सगळं जहाज कठड्यावर उभं होतं. काकांच्या गुडघ्यासाठी नव्हे. धाकटी हुंदके देत होती. वाचनालयातल्या ग्रंथपाल रुमाल हलवत होत्या, एक्क्याण्णव वर्षांचे गृहस्थ टोपी काढून उभे होते. तो मध्यभागी होता. थोरलीने त्याला एका हाताने कवेत घेतलं होतं आणि दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळत होती. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला. मी हलवला नाही. हलवला असता, तर त्या सगळ्याखाली मीही सही केल्यासारखं झालं असतं.

क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःलाच सबबी सुचायला नकोत. मी आजारी नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याचा विश्वास बसला नाही. मी मरणार आहे, अशी त्याची खात्री आहे. तो उतरला नाही.